वीतभर उजवीकडे

"आजी, लेन्समध्ये बघा. स्क्रीनकडे नको. त्या काळ्या गोल काचेत."

त्या सकाळी हे वाक्य किती वेळा म्हटलं ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. मी पुण्यात माझ्या खोलीत होते आणि शकुंतलाबाई हेरवाडकर गडहिंग्लजला त्यांच्या घरी, खुर्चीत ताठ बसलेल्या. वय एक्याऐंशी. दर वेळी त्या "बरं" म्हणायच्या, क्षणभर समोर बघायच्या, आणि पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत त्यांचे डोळे पुन्हा वर, त्यांच्या उजव्या हाताला, कुठेतरी भिंतीवर जाऊन टेकायचे.

टाळेबंदीचा तिसरा महिना होता. मी माहितीपटांसाठी छायाचित्रण करते. विश्राम केळुसकर जुन्या फोटो स्टुडिओंवर एक माहितीपट करत होते आणि सात माणसांच्या मुलाखती राहिल्या असताना गावोगाव जाणं बंद झालं. मग त्यांनी ठरवलं, मुलाखती व्हिडिओ कॉलवर घ्यायच्या, पण कॉलचं फुटकं चित्र वापरायचं नाही. चांगला कॅमेरा पेटीत घालून त्या त्या घरी पाठवायचा, घरातल्या कुणीतरी तो लावायचा आणि कसा लावायचा ते मी पुण्यातून सांगायचं. अट एकच. बोलणारा माणूस थेट लेन्समध्ये बघेल. जुन्या स्टुडिओत माणूस भिंगाकडेच बघायचा, तेव्हा आपल्याकडेही तसाच बघेल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. सहा मुलाखती तशा झाल्याही.

सातव्या शकुंतलाबाई. त्यांच्या यजमानांचा बाजारपेठेत स्टुडिओ होता. फोटो ते काढायचे, पण गिऱ्हाईक यायचं ते या बाईंच्या हातासाठी. त्या निगेटिव्हवर रिटचिंग करायच्या. खिडकीशी तिरकी काच ठेवून, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या एकेक ठिपका देऊन घालवायच्या. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. स्टुडिओच्या पाटीवर त्यांचं नाव कधीच नव्हतं. विश्राम सरांना फिल्मचा शेवट त्यांच्यावर करायचा होता. मुलाखतीनंतर त्यांनी एका जुन्या निगेटिव्हवर काम करून दाखवायचं, असंही ठरलं होतं. फोनवर विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या होत्या आणि मग "बघू की" म्हणाल्या होत्या.

कॅमेरा लावायला त्यांची सून होती. उज्ज्वला, प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा बंद, नवरा बेंगळुरूला अडकलेला, त्यामुळे घरात या दोघीच. उज्ज्वला हुशार होती आणि न कंटाळणारी. मी सांगेन ते वहीत लिहून घ्यायची आणि मग हात लावायची.

पहिला दिवस लेन्स ठरवण्यातच गेला. पेटीत मी तीन पाठवल्या होत्या, पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी मिलिमीटरच्या. खोली दहा बाय अकराची. पस्तीसची लावली तर चेहरा मोठा दिसायला कॅमेरा इतका जवळ न्यावा लागे की आजींचं नाक पुढे येई आणि कान मागे पळत, शिवाय मागचं शोकेस, त्यातल्या औषधांच्या बाटल्या, टीव्ही, सगळं चित्रात. पंच्याऐंशीची लावली तर चेहरा सुरेख येई, पण कॅमेऱ्याला मागे सरकायला जागाच नाही. उज्ज्वलाने तिपाई दारात नेली, मग दाराबाहेर, मग म्हणाली, आता मी स्वयंपाकघरात उभी आहे. शेवटी पन्नासची लेन्स, चार फुटांवरून. मागचं धूसर व्हावं म्हणून मी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडायला सांगितलं, तर आजी बोलताना जरा पुढे झुकल्या की डोळे अंधूक आणि कान स्पष्ट. छिद्र बारीक केलं तर शोकेस परत आलं. मग शोकेसवर चादर टाकली. चादरीवर मोठी फुलं होती. दुसरी टाकली. तेवढ्यात वीज गेली.

दुसऱ्या दिवशी नजरेचा प्रश्न निघाला. लॅपटॉपच्या पडद्यावर माझा चेहरा आणि त्याच्या वर कॅमेरा, अशी मांडणी होती. सगळ्याच घरी माणसं आधी पडद्याकडे बघतात, मग शिकतात. पण आजी पडद्याकडेही बघत नव्हत्या आणि लेन्सकडेही. त्या बघत होत्या भलतीकडे. मी उज्ज्वलाला लॅपटॉप उचलायला लावला, डावीकडे सरकवायला लावला, उजवीकडे सरकवायला लावला. पडदा चार बोटं हलला की त्यांची नजरही चार बोटं हलायची आणि परत चुकीच्याच जागी जायची. हे मला तेव्हा दिसत होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही, फक्त चिडत गेले.

गंमत अशी की भलतीकडे बघताना त्या सुंदर बोलायच्या. पेन्सिलीला टोक कसं काढायचं, कुठली निगेटिव्ह हाताला गुळगुळीत लागते, पावडरीचा थर दिलेली बाई फोटोत कशी दिसते, असं रंगून सांगायच्या. मी "लेन्समध्ये" म्हटलं की समोर बघायच्या आणि आवाजच बदलायचा. हो. नाही. चाळीस वर्षं. आठवत नाही.

दुपारी उज्ज्वलाला वेगळा फोन केला आणि विचारलं, आजींना ऐकायला कमी येतं का? ती म्हणाली, नाही, कान तिखट आहेत. मग आवाज उतरवून म्हणाली, "मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या माझ्याशी बोलतानाही माझ्याकडे बघत नाहीत. दोन वर्षं झाली. कपाटाकडे बघून बोलतात."

मी कारण विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. सासरे गेल्यावर स्टुडिओचा गाळा बंदच होता. तो मोबाईलवाल्याला भाड्याने देऊ या, असं घरात पहिल्यांदा ती बोलली होती. मोठा लाकडी कॅमेरा, मागचे रंगवलेले पडदे, सगळं हलवावं लागलं. आजी तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यानंतर केव्हातरी त्यांची नजर फिरली ती फिरलीच. "मी ताट वाढते, औषध देते, त्या 'ठेव' म्हणतात. तोंडाकडे बघत नाहीत. आता सवय झाली."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वैताग आला. म्हणजे हा हट्ट होता. घरातला रुसवा माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसला होता आणि त्यावर माझ्या पेटीत काही लेन्स नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी काचेचा उपाय काढला. लेन्सच्या पुढे पंचेचाळीस अंशात काच उभी करायची, खाली टॅबलेट ठेवायचा, म्हणजे पडद्यावरचा चेहरा काचेत दिसतो आणि कॅमेरा काचेच्या आरपार बघतो. बोलणाऱ्याला वाटतं, समोर माणूसच आहे. तो माणसाशी बोलतो आणि नजर आपोआप लेन्समध्ये जाते. उज्ज्वलाने सासऱ्यांच्या एका तसबिरीची काच काढली, पुठ्ठ्याला खाचा पाडल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं काळं कापड वरून टाकलं. अडीच तास लागले. एकदा काच घसरली, एकदा कापडाचा धागा चित्रात आला, मग टॅबलेटवर कॉल लागेना. शेवटी साडेअकराला सगळं जुळलं. माझा चेहरा बरोबर लेन्सवर होता. विश्राम सरही कॉलवर आले, फक्त ऐकायला.

मी म्हटलं, "आजी, मी दिसते का?"

"दिसतेस की," त्या म्हणाल्या, आणि वीतभर उजवीकडे, वर, चादरीच्या काठाकडे बघून छान हसल्या.

मग विश्राम सरांचा मला एकटीला संदेश आला. सोडून दे. त्यांचे फोटो दाखवू, मागे सुनेचा आवाज घेऊ. कॅमेरा परवा परत यायला हवा.

तीन दिवस मी ज्या बाईसाठी झटत होते, तिच्या कामावर दुसराच कुणीतरी बोलणार होता. पाटीवर नाव नव्हतंच, आता फिल्ममध्ये तोंडही असणार नव्हतं. आणि हे सगळं एका हट्टापायी, असं मला वाटलं. मी आवाज चढवला. पुढे पुष्कळदा ते रेकॉर्डिंग ऐकलं आहे, म्हणून शब्द पाठ आहेत.

"आजी, तीन दिवस आम्ही दोघी राबतोय. उज्ज्वलाताई सकाळपासून उभ्या आहेत. तुम्हाला रागवायचं असेल तर नंतर रागवा. आत्ता माझ्याकडे बघा. मी इथे समोर आहे, तुम्ही तिकडे भिंतीशी काय बोलताय?"

उज्ज्वला कॅमेऱ्यामागे उभी होती.

आजींनी मान हलवली नाही. फक्त डोळे हळूहळू खाली आणले, डावीकडे आणले आणि लेन्सच्या बरोबर मधोमध ठेवले. तीन दिवस मला हवी होती ती नजर. काळेभोर, स्थिर डोळे. त्यांत काहीही नव्हतं.

"हे बघितलं," त्या म्हणाल्या. "आता तू नाहीस."

मी म्हटलं, म्हणजे?

"सरळ बघितलं की तू पुसली जातेस. मधे डाग आहे. तुझे केस दिसतात थोडे, खांदा दिसतो. तोंड नाही." मग डोळे परत वर, उजवीकडे गेले. "आता आहेस. हनुवटी आहे. बोलतेस तेव्हा हात हलवतेस."

मी खरंच हात हलवत होते. तो हवेतच राहिला.

त्या सांगत गेल्या, न थांबता, कुणी विचारत नसताना. आधी उजव्या डोळ्याला झालं. ओळी वाकड्या दिसायच्या, दाराची चौकट मोडल्यासारखी. मग मधोमध धुरकट, मग काळं. वर्षाने डावा. मोतीबिंदू तर काढून झाला होता, त्यामुळे आता वयच झालं म्हणून त्या गप्प बसल्या. समोरचं माणूस दिसायला बाजूला बघावं लागतं हे त्यांचं त्यांनाच कळलं. कुणाला सांगितलं नाही, कारण गॅसजवळ जाऊ देणार नाहीत, एकटीने जिना उतरू देणार नाहीत. आणि दुसरं एक कारण होतं.

"डोळ्यांवर जगले मी. लोक म्हणायचे, हेरवाडकरबाईंना दिसतं ते देवाला दिसत नाही. आणि तुम्ही लोक आलात, निगेटिव्हवर करून दाखवा म्हणालात. काय सांगू? दिसत नाही म्हणून सांगू?"

मग कॅमेऱ्यामागून उज्ज्वलाचा आवाज आला. तो तिचा रोजचा आवाज नव्हता.

"आई, म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलताना..."

"काय?"

"तुम्ही कपाटाकडे बघता."

"कपाटाकडे कशाला बघू? काय आहे त्या कपाटात?" आजी म्हणाल्या. "तू दिसावीस म्हणून बघते तिकडे."

उज्ज्वला चित्रात आली नाही. तिपाईला धक्का लागल्यासारखी चौकट हलली आणि मग तिरकीच राहिली. रेकॉर्डिंगमध्ये पुढची दोन मिनिटं तिरकी खुर्ची आहे, तिच्यात आजी आहेत आणि बाहेरून रडण्याचा आवाज आहे. आजींना आधी काही कळत नव्हतं. काय झालं गं, काय झालं, असं त्या विचारत राहिल्या. मग उज्ज्वलाने कसंबसं गाळ्याचं सांगितलं, दोन वर्षांचं सांगितलं. आजी ऐकत राहिल्या.

"गाळ्याचं मला बरंच वाटलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "बंद दुकान किती दिवस बघायचं. तू विचारलं का नाहीस?"

"तुम्ही बघतच नव्हता माझ्याकडे. कसं विचारणार?"

मी कॉल बंद करायला हवा होता. केला नाही, याची मला अजून थोडी लाज आहे. विश्राम सरांनीच सांगितलं, आज थांबू या.

मी खोलीत बसून राहिले. आवाज चढवला ते मनातून जात नव्हतं. संध्याकाळी तीन दिवसांचं सगळं रेकॉर्डिंग काढलं आणि पुन्हा बघितलं, या वेळी नुसती नजर. पडदा कुठेही ठेवलेला असो, त्यांची नजर त्याच्यापासून त्याच अंतरावर जात होती. वीतभर उजवीकडे आणि चार बोटं वर. एकदाही चुकली नव्हती. मी तीन दिवस चेहरा लेन्सच्या जवळ जवळ आणत होते, आणि जितका जवळ आणेन तितकी त्यांची नजर लेन्सपासून दूर पाठवत होते. शेवटी काच लावून मी चेहरा बरोबर लेन्सवरच ठेवला होता. करायचं होतं नेमकं उलट. चेहरा लेन्सपासून हलवायचा, वीतभर त्यांच्या डाव्या हाताला, चार बोटं खाली. मग त्या चेहरा बघायला जातील आणि डोळे आपोआप लेन्समध्ये येतील.

विश्राम सरांना फोन केला. ते म्हणाले, कॅमेरा एक दिवस जास्त ठेव. मग म्हणाले, करून दाखवण्याचं रद्द, आणि हे त्यांना मीच सांगतो, तू नको.

चौथ्या दिवशी काच काढली, काळं कापड काढलं. लॅपटॉप त्या जागी ठेवून बघितला, पण पडद्यावरचा चेहरा आजींना फिकट दिसत होता, बोलता बोलता हरवत होता. तेव्हा मी म्हटलं, माझं तोंड कशाला हवं? उज्ज्वलाताई, तुम्हीच बसा. ती तिपाईला चिकटून एका बुटक्या स्टुलावर बसली. मी सांगत गेले, अजून थोडं डावीकडे, मान जरा खाली. तिच्या एका कानात विश्राम सरांचा आवाज होता. ते प्रश्न सांगायचे आणि ती विचारायची.

आजींनी सुनेला शोधलं. डोळे जरा फिरले, वर गेले आणि येऊन लेन्सच्या मधोमध थांबले. पुण्यात माझ्या पडद्यावर त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या.

त्या पावणेदोन तास बोलल्या. फिल्ममधला सगळ्यांच्या लक्षात राहिलेला भाग तो, सीमाभागातल्या एका मुलीचा. लग्नासाठी फोटो काढायला आणली होती. डोळ्यांत तिरळेपणा होता. बापाने हात जोडले. शकुंतलाबाईंनी प्रिंटवर ब्रशने बुबुळ सरकवलं, इतकं बेमालूम की यजमानांनाही ओळखता आलं नाही. फोटो पसंत पडला. पाहुणे मुलगी बघायला आले, चहा घेतला आणि उठून गेले. महिन्याने ती मुलगी एकटी स्टुडिओत आली आणि म्हणाली, बाई, माझे डोळे मला परत द्या, घरात सगळे आता त्या फोटोलाच बघतात.

"मग?" उज्ज्वलाने विचारलं. हा प्रश्न विश्राम सरांनी सांगितलेला नव्हता.

"मग काय. दुसरी प्रिंट काढून दिली, होती तशी. पण पहिली तिच्या घरच्यांनी ठेवूनच घेतली. मी त्यानंतर व्रण पुसले, आठ्या पुसल्या. डोळ्यांना हात लावला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही."

पुढे गाड्या सुरू झाल्या तशी उज्ज्वला त्यांना कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळ्यांतल्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. उजव्या डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं. डाव्यात इंजेक्शनं देऊन जे आहे ते टिकवता आलं. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा दोघींनीही ते वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, असं उज्ज्वलाने मला फोनवर सांगितलं. आजी त्यानंतर तीन वर्षं होत्या.

फिल्म अजूनही कुठे कुठे दाखवतात. नंतर प्रश्नोत्तरं असतात, आणि कुणीतरी हमखास विचारतं की इतक्या वयाच्या बाईला कॅमेऱ्याकडे असं थेट बघायला कसं शिकवलंत, कुठली लेन्स वापरलीत. मी सांगते, पन्नासची, चार फुटांवरून. खरं म्हणजे त्या पावणेदोन तासांत त्यांना कॅमेरा दिसतच नव्हता. तो त्या डागात होता. त्यांना शेजारी बसलेली उज्ज्वला दिसत होती.